ताळा पाहणारी माणसं

आपलंच काहीतरी चुकतंय, असं त्या तिघांना बरेच दिवस वाटत होतं. अंतोनिओ दुरान, मारिओ पेरेझ आणि हुआन वारोना हे स्पेनमधले गणितज्ञ २०१३ च्या सुमारास एका संशोधनात गुंतले होते. त्यात पूर्णांकांनी भरलेल्या मोठमोठ्या मॅट्रिक्सचे निश्चयक काढावे लागत. निश्चयक म्हणजे दहावीच्या बीजगणितात क्रेमरच्या पद्धतीत भेटतो तोच. शाळेत तो दोन ओळींचा नि दोन स्तंभांचा असतो, इथे मात्र आकडेच हजारो अंकी होते. एवढी आकडेमोड कागदावर होणं शक्य नव्हतं. ते काम त्यांनी मॅथेमॅटिका या नावाजलेल्या सॉफ्टवेअरवर सोपवलं होतं. उत्तरं येत होती, पण ती त्यांच्याच सिद्धतेशी जुळत नव्हती. मेपल या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर तीच आकडेमोड केली, तर सगळं व्यवस्थित जुळत होतं.

दोष नेमका दिसावा म्हणून त्यांनी १४ ओळी आणि १४ स्तंभांचं एक मॅट्रिक्स मुद्दाम तयार केलं आणि त्याचा निश्चयक मॅथेमॅटिकाकडून पुन्हा पुन्हा काढून घेतला. दर वेळी उत्तर वेगळं आलं! आकडे तेच, आज्ञा तीच. दशांश चिन्हानंतरच्या गोळाबेरजेवर ढकलावं, तर सगळे आकडे पूर्णांक होते. आणि चूक होतेय याची एका शब्दानेही सूचना नव्हती. कंपनीला कळवल्यावर दोष असल्याचं मान्य झालं. पण तो कशामुळे आला हे तिघांना स्वतः शोधता येणार नव्हतं, कारण आतला कोड बाहेरच्या कुणाला पाहायला मिळत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी ही हकिगत अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘नोटिसेस’ या नियतकालिकात लिहिली, तेव्हा मथळ्यातच प्रश्न विचारला होता: यांच्यावर विश्वास ठेवायचा का?

मराठी शाळांत या प्रश्नाला फार जुनं उत्तर आहे: ताळा करून पाहा. ३४ गुणिले १६ बरोबर ५४४ आलं, की अंकांच्या बेरजा करायच्या. ३४ चे ७, १६ चेही ७, सात साते ४९, त्याचे १३, त्याचे ४. इकडे ५४४ चे १३, म्हणजे ४. जमलं. यात मूळ गुणाकार पुन्हा करावा लागत नाही. नवाने भागल्यावर उरणारी बाकी तेवढी तपासली जाते.

गंमत अशी की संगणकही मोठा निश्चयक साधारण याच वाटेने काढतो, फक्त नवाऐवजी मोठमोठ्या मूळ संख्या घेतो. अख्खा दहा हजार अंकी आकडा हाताळण्याऐवजी तो आधी एका मूळ संख्येने भागल्यावर किती बाकी उरेल ते काढतो, मग दुसरीने, मग तिसरीने. अशा पुरेशा बाक्या जमल्या की त्यांवरून मूळ आकडा जुळवतो. बाक्यांवरून संख्या शोधण्याची ही युक्ती आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास मांडली. आपल्याकडे तिला कुट्टक म्हणतात. आता ‘पुरेशा’ म्हणजे किती, हा कळीचा मुद्दा. फ्रेंच गणितज्ञ हादामार यांनी निश्चयक जास्तीत जास्त केवढा मोठा असू शकतो याची मर्यादा सिद्ध करून ठेवली आहे. तिथवर बाक्या गोळा केल्या तर उत्तर पक्कं. त्याआधीच, ‘आता उत्तर बदलेनासं झालंय, म्हणजे हेच असणार’ असं म्हणून थांबलं तर काम लवकर होतं, पण तो अंदाज ठरतो.

सेज या ओपन सोर्स प्रणालीत ही निवड वापरणाऱ्याच्या हातात दिली आहे. तिथे निश्चयकाच्या आज्ञेला ‘प्रूफ’ नावाची एक कळ आहे. ती चालू असेल तर हादामारच्या मर्यादेपर्यंत जाऊन खात्रीचं उत्तर मिळतं, बंद केली तर झटपट आणि जवळपास खात्रीचं. शिवाय तोच निश्चयक पारी, फ्लिंट, लिनबॉक्स अशा वेगवेगळ्या भागांकडून काढून घेऊन उत्तरं ताडून पाहता येतात. आणि तरीही शंका राहिली, तर कोड उघडून वाचता येतो.

या शेवटच्या सोयीसाठीच हे सगळं उभं राहिलं. विल्यम स्टाइन हा अमेरिकन गणितज्ञ संख्या-सिद्धान्तात काम करायचा आणि सिडनी विद्यापीठात तयार झालेल्या मॅग्मा या सशुल्क प्रणालीसाठी त्याने स्वतः पुष्कळ कोड लिहिला होता. पण आपण लिहिलेलं वापरायला आपल्याच विद्यार्थ्यांनी परवाना विकत घ्यायचा, आणि बाकीचा बराच भाग बंद पेटीत, हे त्याला खुपत होतं. २००५ च्या फेब्रुवारीत त्याने सेजची पहिली आवृत्ती काढली. आखेनमध्ये १९८६ साली गॅप ही गट-सिद्धान्ताची प्रणाली सुरू करणाऱ्या योआखिम नॉयब्युझर यांची तक्रारही अशीच होती. ग्रंथालयात जाऊन एखादा सिद्धान्त आणि त्याची सिद्धता वाचली की तो आयुष्यभर फुकट वापरता येतो. मग त्याच सिद्धान्तावर चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी दर वर्षी पैसे का मोजायचे, आणि आत काय चाललंय ते पाहायला मनाई का?

स्टाइनने सगळं नव्याने लिहिण्याचा हट्ट धरला नाही, हे त्याचं शहाणपण. चाकं आधीच बनलेली आहेत, आपण गाडी जोडू, असा त्याचा विचार होता. गटांसाठी गॅप, संख्या-सिद्धान्तासाठी बोर्दोमध्ये घडलेली पारी, बहुपदींसाठी सिंग्युलर, कॅल्क्युलससाठी मॅक्सिमा, आणि या सगळ्यांना बांधणारी भाषा पायथॉन.

यातल्या मॅक्सिमाची कथा सांगण्याजोगी आहे. तिचं मूळ एमआयटीमध्ये १९६८ साली सुरू झालेल्या मॅकसिमा या प्रणालीत. लिस्प भाषेत लिहिलेली ही प्रणाली पुढे दोन वाटांनी गेली, एक व्यापारी आणि दुसरी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडची. टेक्सास विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून ही दुसरी प्रत एकहाती सांभाळली. नव्या यंत्रांवर चालती ठेवली, चुका दुरुस्त केल्या. १९९८ मध्ये ती सर्वांसाठी मोकळी करायची परवानगी त्यांनी ऊर्जा खात्याकडून मिळवली आणि २००१ मध्ये ते अचानक वारले. परवानगी आधीच हाती आली होती, म्हणून स्वयंसेवकांना काम पुढे नेता आलं. तसं झालं नसतं तर ३० वर्षांचं गणित एका माणसाबरोबर संपलं असतं.

पण जुनी चाकं नव्या गाडीला जोडली की सांध्यात कुरकुर होतेच. मॅक्सिमा जन्मली तेव्हा माणूस टर्मिनलसमोर बसून तिच्याशी बोलत असे. त्यामुळे इंटिग्रेशन करताना अडलं की ती सरळ विचारते: ‘क्ष हा धन, ऋण की शून्य?’ माणूस उत्तर देतो, ती पुढे जाते. सेजमध्ये मात्र ती पडद्याआड काम करते. तिने प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला तिथे कुणीच नसतं. मग सेज काम थांबवतं आणि कळवतं, की मॅक्सिमाने जादा अटी मागितल्या आहेत, ‘अझ्यूम’ ही आज्ञा देऊन पाहा, कदाचित उपयोग होईल. नवखा माणूस हे वाचून हबकतो. प्रणाली मोडली असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात ५० वर्षांपूर्वीची एक सवय त्याच्याशी बोलायचा प्रयत्न करत असते.

बग शोधणाऱ्याचं पहिलं काम म्हणूनच वेगळं असतं: मुळात हा बग आहे का? सेजमध्ये २^३ लिहिलं की ८ मिळतात, कारण गणितात त्या टोपीचा अर्थ घात. पण हीच ओळ साध्या पायथॉनच्या फाइलमध्ये टाकली तर उत्तर १ येतं. पायथॉनला त्या चिन्हाचा वेगळाच अर्थ ठाऊक आहे. तो दोन्ही संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे १० आणि ११ अशा, एकाखाली एक धरतो आणि जिथे अंक वेगळे तिथे १ मांडतो. वापरणाऱ्याने टाइप केलेली ओळ सेज आधी गुपचूप बदलून मगच पायथॉनच्या हाती देतं, फाइल थेट पायथॉनला दिली तर हे भाषांतर होत नाही. दोन्हीकडे यंत्र बरोबर, आणि माणूस डोकं धरून बसलेला.

याहून भारी किस्सा बोरवाइन यांचा. साइन क्ष भागिले क्ष या फलनाचं शून्यापासून अनंतापर्यंत इंटिग्रेशन केलं तर पायचा निम्मा येतो. त्या फलनाला क्ष भागिले ३ च्या तशाच अवयवाने गुणलं तरी पायचा निम्माच. मग ५ चा, ७ चा, असं करत १३ पर्यंत जा, उत्तर हलत नाही. १५ चा अवयव जोडला की मात्र ते किंचित घसरतं. फरक दशांश चिन्हानंतरच्या अकराव्या स्थळी दिसतो. एवढ्या सुंदर क्रमानंतरचं हे उत्तर कुणालाही यंत्राचा घोटाळाच वाटेल. जोनाथन बोरवाइन यांनी ते मेपलमधला बग म्हणून कळवलं आणि मेपलच्या एका प्रोग्रॅमरचे तीन दिवस त्यात गेले. अखेर निष्कर्ष निघाला, की मेपल बरोबर आहे. १/३, १/५ असं करत १/१३ पर्यंतची बेरीज १ च्या आत राहते, १/१५ मिळवला की १ ओलांडते, आणि नेमकं तिथेच हे सूत्र तुटतं. डेव्हिड आणि जोनाथन या बोरवाइन बापलेकांनी २००१ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

खरा बग निघाला, तर मग शिकार सुरू होते. तिची रीत सगळीकडे सारखीच. आधी तो आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहायचा. घडला नाही तर तक्रार करणाऱ्याला आवृत्ती, यंत्र, सगळं विचारत बसायचं. घडला, की उदाहरण छाटायला घ्यायचं. कुणी ३०० ओळींचा प्रोग्रॅम पाठवलेला असतो, त्यातल्या ओळी काढत काढत दोन-तीनच उरल्या आणि तरीही चूक दिसते, असं झालं की निम्मं काम फत्ते. (हे छाटणं कंटाळवाणं असतं आणि त्याचं श्रेय सहसा कुणी देत नाही. पण अनुभवी माणसं चांगली तक्रार ओळखतात ती यावरूनच.) त्यानंतर चूक केव्हा शिरली ते पाहायचं. मागची आवृत्ती ठीक आणि आजची बिघडलेली, मधे हजार बदल झालेले. मग शब्दकोशात शब्द शोधावा तसं बरोबर मध्यावरची आवृत्ती तपासायची. ती ठीक असेल तर पुढचा अर्धा भाग, नसेल तर मागचा. हजार बदलांत दहा फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. ‘गिट’ या साधनात ही निम्मं-निम्मं करण्याची सोय तयारच असते.

दुरुस्ती लिहिणाऱ्याला ती स्वतःच मंजूर करता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी वाचून, चालवून होकार द्यावा लागतो. आणि दुरुस्तीबरोबर एक छोटं उदाहरण जोडावं लागतं, म्हणजे तीच चूक पुन्हा शिरली तर लगेच बोंब होईल.

ही उदाहरणं हाच सेजचा कणा म्हणायला हवा. प्रत्येक फलनाच्या माहितीत ‘असं विचारा, असं उत्तर येईल’ अशा ओळी असतात. त्या माणसाला समजावण्यासाठी असतात आणि त्याच वेळी यंत्राने तपासण्यासाठीही. चाचणी चालवली की यंत्र अशा असंख्य ओळी पुन्हा करून पाहतं आणि उत्तर शब्दशः जुळतं का ते बघतं. इथेही कटकटी आहेतच. ०.१ आणि ०.२ मिळवले तर संगणक ०.३०००००००००००००००४ सांगतो, कारण द्विमान पद्धतीत ०.१ नेमका लिहिताच येत नाही. असल्या आकडेमोडीत एका प्रोसेसरवर शेवटचा अंक ४, तर दुसऱ्यावर ३ येऊ शकतो. म्हणून ‘इतका फरक चालेल’ अशी खूण करावी लागते. काही ओळींवर तर ‘३२ बिट यंत्रावर हे उत्तर, ६४ बिटवर ते’ असंही लिहिलेलं असतं.

काही दोष कोडात नसतात, नावात असतात. क्ष वर्गाचं वर्गमूळ किती? घाईत कुणीही ‘क्ष’ म्हणेल, पण क्ष जर उणे ५ असेल तर उत्तर अधिक ५ यायला हवं. सेजमध्ये वर्गमुळं सोपी करणारी एक आज्ञा मॅक्सिमाच्या जुन्या रीतीने बिनधास्त ‘क्ष’ लिहून मोकळी होत असे, आणि ‘पूर्ण सोपं करा’ या मोठ्या आज्ञेच्या पोटात तीही चालायची. गणित सोपं करायला द्यावं आणि ते बदलूनच परत यावं, अशी गत. अखेर ती मोठ्या आज्ञेतून काढली गेली आणि तिचं नावही बदललं. आता त्या नावात ‘सोपं करा’ असं म्हटलेलं नाही, अनेक शक्य रूपांपैकी एक ठरावीक रूप निवडा एवढंच सुचवलं आहे. एका नावासाठी एवढा खटाटोप कशाला, असं बाहेरच्याला वाटेल. ज्याने त्या उत्तरावर शोधनिबंध उभा केला असेल त्याला वाटणार नाही.

या कामाला पैसा कुठून येतो? थोडक्यात सांगायचं, तर येत नाही. बहुतेक जण प्राध्यापक नाहीतर पीएच.डी.चे विद्यार्थी, आणि बग दुरुस्त केल्याबद्दल विद्यापीठात बढती मिळत नाही, शोधनिबंधाबद्दल मिळते. युरोपीय संघाने २०१५ ते २०१९ या काळात ओपनड्रीमकिट नावाच्या प्रकल्पाला सुमारे ७६ लाख युरो दिले, तेव्हा काही जणांना पगारावर हे काम करता आलं. खुद्द स्टाइनने २०१९ मध्ये विद्यापीठातली नोकरी सोडली आणि स्वतःच्या कंपनीत पूर्ण वेळ लक्ष घातलं. पायथॉनच्या दुसऱ्या पिढीतून तिसरीत जाणं, हे तर वर्षानुवर्षं चाललेलं बिनचेहऱ्याचं श्रमदान होतं. ७ भागिले २ जुन्या पायथॉनमध्ये ३ यायचे, नव्यात ३.५. पूर्वी कुठल्याही दोन गोष्टींत लहान-मोठं ठरवता यायचं, आता नाही. हे असले फरक लाखो ओळींत शोधून निस्तरले गेले आणि १ जानेवारी २०२० रोजी सेज ९.० निघाली. त्या आवृत्तीत दाखवायला नवं गणित फारसं नव्हतं, पण ती निघाली नसती तर प्रणाली हळूहळू बंद पडली असती.

मुक्त प्रणालीतही चुका असतात, आणि पुष्कळ असतात. सेजच्या जुन्या नोंदवहीत, २०२३ मध्ये ती गिटहबवर हलवली तोवर, ३० हजारांहून अधिक नोंदी जमल्या होत्या. पण ही यादी कुणालाही वाचता येते. आपल्याला लागणाऱ्या आज्ञेत काही गडबड आहे का, हे वापरण्याआधी पाहता येतं. त्या तीन स्पॅनिश गणितज्ञांना हीच सोय हवी होती.

पवईच्या आयआयटी मुंबईतल्या फॉसी या प्रकल्पात ताळ्याचं एक वेगळंच काम चालत आलं आहे. फ्रान्समध्ये जन्मलेल्या सायलॅब या मुक्त गणिती प्रणालीचा इथे प्रसार होतो. तिचे पाठ मराठीतही ऐकायला मिळतात. देशभरातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी एकेक क्रमिक पुस्तक घेतात आणि त्यातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये लिहून काढतात. कोड तपासला जातो, मान्य झाला की मानधन मिळतं आणि तो सर्वांसाठी खुला होतो. अशी शेकडो पुस्तकं झाली आहेत. त्या कोडांमध्ये अधूनमधून एक शेरा भेटतो: पुस्तकातलं उत्तर चुकलेलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुलं जे उत्तर डोळे मिटून वहीत उतरवत आली, ते तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने यंत्राला विचारून पाहिलेलं असतं.

मराठी वाचकाला सेजमध्ये एक ओळखीचं नावही सापडेल. शरदचंद्र शंकर श्रीखंडे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. १९५९ साली राजचंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर यांच्यासह त्यांनी लॅटिन चौकोनांबद्दलचा ऑयलरचा १७७ वर्षं जुना तर्क खोटा ठरवला. त्याच वर्षी त्यांनी एक ग्राफही मांडला, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची एक रचना. १६ बिंदू, ४८ रेषा, प्रत्येक बिंदूला ६ शेजारी, आणि कुठलेही दोन बिंदू घेतले तरी त्यांचे सामायिक शेजारी बरोबर २. आंद्रिस ब्राउवर हे डच गणितज्ञ अशा रेखीव ग्राफांची भलीमोठी यादी सांभाळतात. कुठला ग्राफ अस्तित्वात आहे, कुठल्याचा पत्ता नाही, हे तीत नोंदलेलं असतं. नाथान कोएन आणि दिमित्री पासेच्निक यांनी या यादीतल्या १,३०० बिंदूंपर्यंतच्या माहीत असलेल्या रचना सेजमध्ये प्रत्यक्ष बांधता येतील अशी सोय केली. आधी ‘असा ग्राफ आहे’ हे कुठल्यातरी जुन्या शोधनिबंधाच्या हवाल्याने मानावं लागे. आता ग्राफच समोर मागवून त्याच्या रेषा मोजता येतात.

श्रीखंडे २०२० च्या एप्रिलमध्ये १०२ व्या वर्षी वारले. सेजच्या माहितीत त्यांच्या ग्राफाखाली काही ओळी आहेत. बिंदू किती? १६. रेषा किती? ४८. कागदावर न छेदता काढता येईल का? नाही. रेषांवरून चालत, प्रत्येक बिंदूला एकदाच भेट देऊन निघालो तिथे परतता येईल का? हो. कुणी कुठे एक अक्षर बदललं आणि चाचणी लावली, की यंत्र याही ओळींशी येतं, १६ आणि ४८ पुन्हा मोजतं आणि पुढच्या फाइलकडे जातं.